धाप लागलेलं मूल आणि पहिला तास: प्राथमिक आरोग्य केंद्रात काय करायचं, पाठवायचं कधी

कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा प्रश्न आहे. पावसाळ्यात रात्री-अपरात्री घरघर आणि धाप लागलेली मुलं येतात. लाईटचा भरवसा नाही, औषधाचं धुकं करणारा नेब्युलायझर एकच, ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर एकच, आणि मोठं रुग्णालय घाट चढून नाहीतर हायवेने दोन-तीन तासांवर. दम्याच्या अशा झटक्यात इथे किती करायचं, आणि पुढे कधी पाठवायचं?

पहिल्या तासात लागणारं जवळजवळ सगळं तुमच्या केंद्रात असतं. मूल हाताबाहेर जातं ते औषध नव्हतं म्हणून क्वचित. बहुतेक वेळा औषध अपुरं दिलेलं असतं, उशिरा दिलेलं असतं किंवा भलत्याच वाटेने दिलेलं असतं. म्हणून आधी भिंतीवरचं घड्याळ बघा आणि मूल आलं ती वेळ केसपेपरवर लिहा. पुढचं सगळं वीस-वीस मिनिटांच्या हिशेबाने चालतं.

स्टेथो कानात घालण्याआधी मुलाचा शर्ट काढून, ते आईच्या मांडीवर असतानाच, अर्धा मिनिट नुसतं बघा. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते का, गळ्याखाली खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, पोट उडतं का. मोठ्या मुलाला विचारा, "कितवीत आहेस? शाळा कुठली?" एका दमात पूर्ण वाक्य आलं तर वेळ आहे. दोन-दोन शब्दांवर दम घ्यावा लागला तर झटका तीव्र. तान्ह्या बाळाच्या बाबतीत वाक्याची जागा दूध घेते: ओढतं का, की दोन घोट घेऊन सोडतं? श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 च्या वर श्वास किंवा 140 च्या वर नाडी, पाच वर्षांवरच्या मुलात 30 च्या वर श्वास किंवा 125 च्या वर नाडी, किंवा कुठल्याही वयात सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 92 च्या खाली, हे तीव्र झटक्याचे आकडे. पावसात भिजून आलेल्या मुलाची बोटं गार असतात आणि ऑक्सिमीटर काहीही दाखवतो. बोट पुसून, चोळून, यंत्रावरची नाडी हाताने मोजलेल्या नाडीशी जुळते का ते पाहून मगच आकडा लिहा.

ज्याची घरघर दारातून ऐकू येते त्या मुलापेक्षा ज्याची छाती शांत आहे त्याला जास्त घाबरायचं. घरघर व्हायला हवा आत-बाहेर जावी लागते. बरगड्या ओढल्या जातायत, घाम फुटलाय, मूल पेंगतंय आणि छातीत काहीच ऐकू येत नाही, म्हणजे हवा जातच नाहीये. "आता शांत झोपलं हो," असं आई सांगते तेव्हा ही झोप कसली आहे ते उठवून बघायचं.

आता औषध. सोयीसाठी अडीच वर्षांचं, 12 किलोचं मूल धरू.

श्वासनळ्या उघडणारं साल्ब्युटामॉल पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं. झटका सौम्य किंवा मध्यम असेल, सॅच्युरेशन 92 च्या वर असेल, तर पंप आणि स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी) हे नेब्युलायझरच्या तोडीचं काम करतात, हृदयाची धडधड आणि हातांची थरथर कमी होते आणि लाईट लागत नाही. एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम. सहा वर्षांखालच्या मुलाला एका वेळी 2 ते 6 पफ, त्यावरच्याला 4 ते 10. दर वीस मिनिटांनी, पहिल्या तासात तीन वेळा. आपल्याकडे हात आखडतो तो इथे. दोन पफ देऊन "फरक नाही" म्हणतात आणि सुई शोधायला लागतात. आपल्या 12 किलोच्या मुलाला धाप असताना दोन नव्हे, सहाच्या जवळ जायचं.

पफ देताना एकेकच द्यायचा. पंप हलवा, स्पेसरला लावा, मास्क नाक आणि तोंड दोन्हींवर घट्ट बसवा, एकदा दाबा, आणि मूल पाच-सहा श्वास घेईपर्यंत थांबा. मग परत हलवा. सहा पफ एकदम स्पेसरमध्ये सोडले तर थेंब एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, मुलाच्या छातीत फार थोडं जातं. मूल रडतंय म्हणजे खोल श्वास घेतंय आणि औषध चांगलं जातंय, ही समजूत डॉक्टरांमध्येही आहे. रडताना मास्क सुटतो, श्वास सोडणं लांबतं आणि औषध घशात नि गालावर राहतं. आईच्या मांडीवर पाठ टेकवून, आईचा एक हात कपाळावर, दुसऱ्याने हात धरलेले, अशी बैठक जमली की निम्मं काम झालं.

स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली चालते. हा जुगाड नव्हे. 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेत मुलांवर झालेल्या चाचणीत नीट बनवलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली होती. पंपाचं तोंड बाटलीच्या बुडावर ठेवून पेनाने आखा. तार वाकवून त्याच आकाराची करा, तापवा आणि बुडाला भोक पाडा. पंप आत सरकवल्यावर सैल बसता कामा नये. फट राहिली तर चिकटपट्टीने बंद करा, तिथूनच औषध वाया जातं. बाटलीचं तोंड मोठ्या मुलाच्या ओठांत, लहानासाठी त्याला मास्क बसवा. तार तापवताना प्लॅस्टिकचा वास आत राहतो, म्हणून बाटली धुऊन, वाळवून, आधी पाच-सहा पफ नुसतेच आत मारून ठेवा. त्याने आतली भिंत औषधाने माखते आणि पुढचे थेंब तिला चिकटत नाहीत. जूनच्या आधी अशा चार बाटल्या करून इमर्जन्सी ट्रेमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता मेणबत्तीवर तार तापवत बसायची वेळ येऊ नये.

सॅच्युरेशन 92 च्या खाली असेल किंवा मूल दमलं असेल तर नेब्युलायझर, आणि तो ऑक्सिजनवर. घरगुती कॉम्प्रेसर साधी हवा देतो. साल्ब्युटामॉलमुळे फुप्फुसातल्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथलाही रक्तपुरवठा वाढतो आणि सॅच्युरेशन थोडा वेळ आणखी खाली येऊ शकतं. म्हणून सिलिंडरवरून मिनिटाला 6 ते 8 लिटर. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर नेब्युलायझर जोडू नका, त्याचा दाब अपुरा पडतो, धुकं होत नाही, नुसते बुडबुडे येतात. कॉन्सन्ट्रेटरच हाताशी असेल तर त्याने नाकात नळी लावून ऑक्सिजन द्या आणि वरून मास्क-स्पेसरने पफ द्या. दोन्ही एकाच वेळी चालतं.

20 किलोखाली साल्ब्युटामॉल 2.5 मिलिग्रॅम, त्यावर 5. बाटलीतलं द्रावण मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम असतं, म्हणजे आपल्या मुलाला अर्धा मिलि, आणि सलाइन घालून एकूण तीन-चार मिलि. सलाइनच, डिस्टिल्ड वॉटर नाही. त्याच्या धुक्याने श्वासनळ्या आणखी आवळतात. झटका तीव्र असेल तर पहिल्या तासातल्या तिन्ही डोसांत इप्राट्रोपियम हे श्वासनळ्या उघडणारं दुसरं औषध 250 मायक्रोग्रॅम मिसळा. इथे एक खोच आहे. तयार मिश्रणाच्या अडीच मिलिच्या कुपीत बहुधा लेव्होसाल्ब्युटामॉल 1.25 मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम 500 मायक्रोग्रॅम असतं. मूल लहान म्हणून अर्धी कुपी घातली की इप्राट्रोपियम बरोबर बसतं, पण मुख्य औषध निम्म्यावर येतं. अर्ध्या कुपीबरोबर साल्ब्युटामॉलचा उरलेला भाग, म्हणजे पाव मिलि द्रावण, वेगळा घालायला विसरू नका.

स्टेरॉइड पहिल्या तासातच पोटात जायला हवं, कारण त्याचा परिणाम दिसायला चारेक तास लागतात. उशीर केला तर फायदा रेफरल रुग्णालयाच्या वाट्याला जातो, वाटेत मुलाला काही मिळत नाही. प्रेडनिसोलोन किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम, दोन वर्षांखाली जास्तीत जास्त 20, पाच वर्षांपर्यंत 30, त्यापुढे 40 मिलिग्रॅम, रोज एकदा, तीन ते पाच दिवस. सिरप 5 मिलिला 5 मिलिग्रॅमचं आणि 15 मिलिग्रॅमचं, असं दोन्ही मिळतं. चिठ्ठीवर मिलिग्रॅम लिहा आणि मिलिही लिहा, नाहीतर मेडिकलवाला बदलून देतो आणि डोस तिप्पट होतो किंवा तृतीयांश. मूल ओकत असेल तर डेक्सामेथासोन किलोला 0.6 मिलिग्रॅम. इंजेक्शनचंच औषध तोंडाने पाजता येतं: मिलिला 4 मिलिग्रॅम असेल तर 12 किलोला 1.8 मिलि, थोड्या साखरपाण्यात. तोंडाने राहत असेल तर शिरेतल्या स्टेरॉइडने जास्त काही साधत नाही. मात्र शाळेच्या वयाआधीच्या मुलाची सर्दीबरोबरची हलकी घरघर पफांनीच बसली तर स्टेरॉइडची गरज नाही. प्रत्येक सर्दीला स्टेरॉइड पाजलेली मुलं आपल्याकडे कमी नाहीत.

साठाव्या मिनिटाला परत तेच सगळं बघा: शर्ट काढून, मोजून. साध्या हवेवर 94 च्या वर, बोलतंय, खातंय, बरगड्या ओढणं थांबलंय, तर आणखी एक-दोन तास बसवून ठेवा. पुढचा डोस तीन-चार तास लागला नाही तर घरी जायला हरकत नाही. पण घर कुठे आहे ते विचारा. वाडीवर जाताना साकव लागत असेल आणि वर धो-धो पाऊस असेल, तर रात्रभर केंद्रातच ठेवा. पहाटे परत धाप लागली तर ते लोक येऊ शकणार नाहीत.

अर्धवट फरक असेल तर ऑक्सिजन चालू ठेवून साल्ब्युटामॉल तासाला एकदा किंवा गरजेप्रमाणे, आणि फोन लावायला सुरुवात. फरकच नसेल किंवा आधीपासून मूल पेंगत असेल, तर मॅग्नेशियम सल्फेट. हे लेबर रूममध्ये आहे, आकडी येणाऱ्या बाळंतिणीसाठी ठेवलेलं. 50 टक्क्यांची 2 मिलिची अँप्युल म्हणजे 1 ग्रॅम. मुलांना किलोला 40 ते 50 मिलिग्रॅम, कमाल 2 ग्रॅम. आपल्या मुलाला 600 मिलिग्रॅम म्हणजे 1.2 मिलि, ते 50 मिलि सलाइनमध्ये घालून वीस मिनिटांहून कमी नाही अशा गतीने शिरेतून. बाळंतिणीचा डोस आणि ती कंबरेतली इंजेक्शनं इथे डोक्यात आणू नका. मोजणी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. देताना दर पाच मिनिटांनी रक्तदाब आणि श्वास, हाताशी उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट.

तीन-चार नेब्युलायझेशननंतर कधीकधी असं होतं, की घरघर गेली, सॅच्युरेशन 97, पण श्वासाचा वेग वाढतोच आहे, श्वास खोल आहे. ही साल्ब्युटामॉलमुळे रक्तात वाढलेल्या आम्लाची खूण असू शकते. बिघडलं समजून आणखी औषध ओतलं तर ते आणखी वाढतं. हवा नीट जात असेल तर डोसातलं अंतर वाढवून बघा. पोटॅशियमही खाली जातं, ते पुढच्या रुग्णालयाला कळवायचं.

पाठवताना उपचार सुरू न करता 108 ची वाट बघणं ही सर्वांत महाग चूक. गाडी येईपर्यंत तीन डोस झालेले, स्टेरॉइड पोटात, शिरेत सुई बसलेली हवी. ऑक्सिजनचा हिशेब साधा आहे. छोट्या बी-टाइप सिलिंडरमध्ये पाण्याच्या मापाने 10 लिटर मावतात. गेजवर दाब 150 असेल तर दहापट, म्हणजे 1500 लिटर, 50 असेल तर 500. मिनिटाला 6 लिटर लावले तर 500 लिटर ऐंशी मिनिटं पुरतात. त्यात फोंडा किंवा आंबोली घाट चढून होईल, पण कोल्हापूर-बेळगाव गाठणार नाही. निघण्याआधी गेज वाचा आणि भागाकार करा. रुग्णालयाला फोन पायथ्याशीच करा, घाटात रेंज जाते. मुलाला आडवं झोपवू नका, बसतं ठेवा. दिलेल्या औषधांच्या वेळा कागदावर, आईच्या हातात. गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात नेलं किंवा मुंबईला, तिथल्या डॉक्टरला हा कागदच आधी लागतो.

आता घरघर आहे पण दमा नाही, असे प्रकार. कोकणात यांतले दोन इतर ठिकाणांपेक्षा जास्त डोक्यात ठेवावे लागतात.

डिसेंबर ते मार्च, आंब्याला मोहोर, बागेत फवारणी. मुलाला घरघर, पण लाळ गळतेय, डोळ्यांतून पाणी, उलट्या-जुलाब आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ही ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा. फवारणीच्या पंपाजवळ खेळलेलं असतं किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीतून पाणी प्यालेलं असतं. याला अॅट्रोपिन, किलोला 0.02 ते 0.05 मिलिग्रॅम, छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट करत. कपडे काढून, आंघोळ घालून. म्हणून धाप लागलेल्या प्रत्येक मुलाच्या बाहुल्या टॉर्चने बघायची सवय लावा, पाच सेकंदांचं काम आहे.

दुसरा लाल विंचू. मूल घामाने थबथबलेलं, हातपाय बर्फासारखे, नाडी धावतेय, फेसाळ कफ आणि छातीत बुडबुडे. ही फुप्फुसात पाणी झाल्याची धाप आहे. इथे साल्ब्युटामॉल आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलेलं प्रॅझोसिन, किलोला 30 मायक्रोग्रॅम तोंडाने, हातपाय ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी. भातकापणीच्या दिवसांत, किंवा रचलेली लाकडं-चिरे हलवताना काही चावलं का, हे विचारायचंच.

बाकीचे थोडक्यात. वर्षाच्या आतलं बाळ, दोन-तीन दिवस सर्दी, मग पहिल्यांदाच घरघर: बहुधा ब्राँकियोलायटिस, म्हणजे बारीक श्वासनळ्यांची विषाणूमुळे आलेली सूज. साल्ब्युटामॉल आणि स्टेरॉइड दोन्ही फारसे उपयोगी नाहीत. नाक मोकळं करा, थोडंथोडं दूध, लागेल तर ऑक्सिजन. खेळता-खाता अचानक ठसका, मग एकाच बाजूला हवा कमी: काजूचा तुकडा, शेंगदाणा, चिंचोका. कितीही नेब दिले तरी निघणार नाही, ब्राँकोस्कोपीसाठी (श्वासनळीत दुर्बीण घालून काढण्यासाठी) पाठवा. कोळंबी किंवा काजू खाल्ल्यावर अर्ध्या तासात घरघर आणि अंगावर गांधी किंवा ओकारी: ही अॅनाफायलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अॅलर्जी. अॅड्रिनलिन 1:1000, किलोला 0.01 मिलि, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, म्हणजे आपल्या मुलाला 0.12 मिलि, एक मिलिच्या सिरिंजने. नेब त्यानंतर.

काय करायचं नाही, तेही सांगतो. थिओफायलीन गटाचं इंजेक्शन सवयीने टोचलं जातं. उपयुक्त डोस आणि घातक डोस यांत अंतर थोडं, ओकाऱ्या होतात आणि आकडी येते. साल्ब्युटामॉल पुरेसं दिलेलं असेल तर केंद्रात त्याची वेळ येत नाही. साल्ब्युटामॉलचं सिरप सावकाश काम करतं आणि हात थरथरवतं. खोकल्याची गुंगीची औषधं धाप लागलेल्या मुलाला धोक्याची. ताप आणि छातीत एका जागी न्यूमोनियाची चिन्हं नसतील तर अँटिबायोटिक नको. वाफाऱ्याने श्वासनळी उघडत नाही, मुलं भाजून मात्र येतात. केळं, दही, ताक बंद करा म्हणणाऱ्या आजीशी भांडण्यापेक्षा चुलीच्या खोलीत मुलाला झोपवू नका आणि मच्छर कॉइल बंद करा, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं तर जास्त मिळतं. भाजावळीचा धूर आणि काजूची टरफलं जाळल्याचा धूर यांच्या वाऱ्याखाली खेळू नये, हेही.

घरी पाठवताना पंप, स्पेसर आणि स्टेरॉइडचे उरलेले दिवस यांच्याशिवाय पाठवू नका. दोन दिवसांनी परत बोलवा. वर्षात असे दोन-तीन झटके येत असतील किंवा रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा रोजचा, कमी डोसाचा पंप सुरू व्हायला हवा. नुसत्या साल्ब्युटामॉलवर वर्ष काढणारं मूल पुढच्या पावसात परत तुमच्याच दारात येतं. "पंपाची सवय लागते" हे वाक्य ऐकाल. सवय पंपाची नसते, आजार जुना असतो, असं सांगा. आणि गणपतीच्या आधी तयारी ठेवा. मुंबईहून चाकरमानी येतात, पोरांना प्रवासात सर्दी झालेली असते, वर्षभर बंद असलेलं घर झाडलेलं असतं, भिंतींना बुरशी आणि गाद्यांना ओल. पंप मात्र डोंबिवलीला राहिलेला.

स्पेसर भांडी धुण्याच्या साबणाच्या पाण्यात बुडवून नुसता निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. जुलैत तो वाळायला दोन-दोन दिवस लागतात, म्हणून मूल बरं असतानाच धुवायचा. पंपात 200 पफ असतात. औषध संपल्यावरही त्यात वायू उरतो, हलवला तर आवाज येतो आणि दाबला तर फवाराही येतो. पाण्यात तरंगतो का बघण्याची जुनी रीत भरवशाची नाही. मागे आकडा दिसणारा पंप मिळाला तर उत्तम, नाहीतर दिनदर्शिकेवर ज्या दिवशी जितके पफ दिले तितक्या रेघा मारायला आईला सांगा आणि पुढच्या भेटीत त्या रेघा मोजा.